वाऱ्याचा वाटा : नागपूरच्या कचेऱ्या, गिरण्या आणि गारव्याची दीडशे वर्षे

(मोठा धागा)

१/
मे महिन्यात नागपूरच्या कोणत्याही कचेरीत एक भांडण ठरलेले असते. कूलरसमोर बसलेल्याची मान आखडते, त्याच्या मागच्याला वारा पोहोचत नाही, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे कागद तेवढे उडतात. खोली एक, पारा एक, तक्रारी चार. हे भांडण कूलरपेक्षा बरेच जुने आहे. कामाच्या जागी वारा कोणाला मिळतो, कोणाच्या श्रमाने मिळतो आणि त्याची दोरी कोणाच्या हातात असते, त्याचा हा नागपुरी इतिहास.

२/
आधी शहराचा उन्हाळा. नागपूर देशाच्या जवळजवळ मध्यभागी वसलेले. समुद्र दोन्ही बाजूंनी दूर. खारे वारे येथे पोहोचेपर्यंत कोरडे होतात. मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर असणे ही येथील नित्याची गोष्ट. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा सुरू होतो, आणि विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. शाळेला सुटी देता येते. कचेरीला आणि गिरणीला ती देता येत नाही.

३/
आता शरीराचे गणित. खुर्चीत बसून लिहिणारे माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असते, म्हणजे जुन्या काळच्या एका ठळक दिव्याइतकी. त्वचेचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत उष्णता सहज बाहेर जाते. हवा ४३ अंशांची झाली की प्रवाह उलटतो आणि हवाच शरीराला तापवू लागते. तेव्हा सुटकेचा मार्ग एकच उरतो : घाम, आणि त्याचे वाळणे.

४/
म्हणून ‘पारा किती?’ या प्रश्नाला नागपुरात अर्धेच उत्तर मिळते. दुसरे अर्धे उत्तर ओल्या पाऱ्याकडे असते. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळले की बाष्पीभवनाने पारा उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका तो खाली. ४३ अंशांच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओला पारा सुमारे २३ अंश दाखवतो. या वीस अंशांच्या फरकातच नागपूरच्या गारव्याचे सारे भांडवल साठलेले आहे. माठापासून कूलरपर्यंत प्रत्येक युक्ती याच ठेवीवर चालते.

५/
ही ठेव वापरण्याची सर्वांत सुगंधी रीत म्हणजे वाळा. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त खसच्या, म्हणजे वाळ्याच्या मुळांच्या खोल्यांचे वर्णन केले आहे : बांबूच्या सांगाड्यावर मुळे बसवायची आणि वर पाणी शिंपायचे, की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो. या रीतीचे श्रेय तो अकबराच्या आज्ञेला देतो. दरबारी लेखकाचे हे श्रेयदान सावधपणे घ्यावे. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती दरबारात रुळली होती, एवढे त्यावरून नक्की कळते.

६/
वाळ्याच्या ताट्या पुढे घरोघर पोहोचल्या. दारा-खिडक्यांना मुळांचा पडदा टांगायचा, तासातासाने पाणी मारायचे, आणि बाहेरची झळ आत येताना गार व सुवासिक व्हायची. त्याखेरीज जाड भिंती, कवेलूची छपरे, वाड्यातील चौक, दुपारी बंद आणि रात्री उघडी ठेवलेली दारे ही साधने होतीच. पण या साऱ्यांना एक पूर्वअट होती : दुपारी काम थांबवण्याची मुभा. पहाटे आणि संध्याकाळी कामे उरकायची, मधला वेळ सावलीत काढायचा, हा उन्हाळ्याचा खरा जुना कायदा.

७/
हा कायदा कचेरीने मोडला. तिसरे रघूजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले, दत्तक नाकारला गेला, आणि १८५४मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी बनले. दप्तरे आली, न्यायालये आली, त्यांच्यासोबत घड्याळ आले. ज्या प्रहरी हे शहर पूर्वी दारे लावून घेत असे, त्याच प्रहरी आता शेकडो कारकुनांनी टेबलाशी बसून नकला उतरवायच्या होत्या.

८/
या कचेऱ्यांतील पहिले वायुयंत्र म्हणजे झुलता पंखा. छतापासून टांगलेली लाकडी चौकट, तिला कापडाची झालर, चौकटीला बांधलेली दोरी, आणि ती दोरी भिंतीतील भोकातून बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या हातात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इंग्रजी घरांत हा पंखा रूढ झाला व तेथून छावण्या, न्यायालये आणि कचेऱ्यांत पसरला. टेबलावरील कागद उडू नयेत म्हणून ठेवायची काचेची जड गोळी, म्हणजेच पेपरवेट, याच वाऱ्याची सोबतीण.

९/
झुलत्या पंख्याचा भूगोल पाहण्याजोगा आहे. तो खोलीसाठी नसे, खुर्चीसाठी असे. न्यायाधीशाच्या आसनावर, साहेबाच्या मेजावर, जेवणाच्या टेबलावर झालर झुले. तिच्या झोताच्या पलीकडे बसलेल्यांना उरलेसुरले मिळे. आजचे अभियंते ज्याला ‘व्यक्तिगत वायुवीजन’ म्हणतात, म्हणजे सारी इमारत थंड न करता फक्त माणसापुरती हवा पुरवणे, त्याचेच हे कापडी रूप होते. फरक एवढाच, की कोणती व्यक्ती ‘व्यक्ती’ मानायची हे हुद्द्यावरून ठरत असे.

१०/
भिंतीच्या दुसऱ्या बाजूला पंखेवाला असे. आत गारवा निर्माण करणारा हा माणूस स्वतः व्हरांड्याच्या झळीत बसे, आणि रात्रपाळीत दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडल्या पडल्या ओढी. डोळा लागला की पंखा थांबे आणि आतून शिवी, बूट किंवा लाथ येई. गोऱ्यांच्या मारहाणीत पंखेवाले दगावल्याचे खटले ब्रिटिश हिंदुस्थानात उभे राहिले. ‘मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती’ हा बचाव त्यात इतक्यांदा मांडला गेला, की देशी वृत्तपत्रांनी त्यावर वारंवार कोरडे ओढले.

११/
या श्रमाला यंत्राची जोड देण्याचे प्रयत्नही झाले. १८३०च्या दशकात ‘थर्मँटिडोट’ नावाची एक अवजड पेटी उत्तर हिंदुस्थानातील बंगल्यांत दिसू लागली. लाकडी पेटीत फिरती पाती, दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि हाताने फिरवायचा दांडा. पेटी खिडकीत बसवली की आत गार हवेचा झोत येई. अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज लेखिकेने तिचे वर्णन केले आहे. विजेची मोटर सोडली, तर हा आजच्या खिडकीतील कूलरचा पणजोबाच.

१२/
वरिष्ठांसाठी मात्र याहून सोपा उपाय होता : शहरच सोडणे. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात सातपुड्यावरील पचमढीला मुक्काम हलवी, वऱ्हाडातील अधिकारी चिखलदरा गाठत. निर्णय घेणारे हजार मीटर उंचीवरील हवेत बसत. त्या निर्णयांच्या नकला उतरवणारे बहुतेक खालीच राहत. गारव्याची ही सर्वांत महागडी पद्धत होती. तिची किंमत मात्र कोणत्याही खोलीच्या खर्चात धरली जात नसे.

१३/
या प्रथेचा एक उलटा पडसाद आजही उमटतो. १९५३च्या नागपूर करारानंतर आणि १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले, ते हिवाळ्यात. एके काळी येथील सरकार उन्हाळा टाळण्यासाठी बाहेर जात असे. आता राजधानीतील सरकार थंडीचे दिवस निवडून येथे येते. नागपूरच्या मे महिन्याची सरकार दरबारची अनुपस्थिती अशी दीर्घकालीन आहे.

१४/
कचेरीकडून आता गिरणीकडे वळायला हवे, कारण नागपुरात हवेवर गंभीर विचार झाला तो प्रथम माणसासाठी झाला नाही. तो सुतासाठी झाला. जमशेटजी टाटांनी १८७४मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचे कारण साधे होते : कापूस दाराशी, रेल्वे १८६७पासून गावात, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ.

१५/
जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून तेथे गिरणी उभी राहिली. गावातील एका सावकाराने या खटाटोपाला पैसे देण्याचे नाकारले. जमिनीत पैसा पुरणारा हा माणूस आहे, असे त्याचे मत होते. पुढे त्यानेच, या गृहस्थाने माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. नाव पडले एम्प्रेस मिल. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. रेल्वेच्या नोकरीतून आलेले, सूतधंद्यात नवखे.

१६/
नागपूरची कोरडी हवा माठाला लाभदायक असली, तरी सुताची ती वैरीण. कापसाचा तंतू हवेतील ओल शोषून लवचीक आणि बळकट राहतो. हवा कोरडी पडली की तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर स्थिर वीज साचते, धागे पिंजारतात आणि तुटतात. तुटलेला प्रत्येक धागा म्हणजे थांबलेली चाती आणि बुडालेले उत्पादन. म्हणून कताईला बऱ्यापैकी दमट आणि विणाईला त्याहून दमट हवा लागते. लँकेशरला ती निसर्गाने दिली होती. नागपूरला ती निर्माण करावी लागणार होती.

१७/
येथील कोष्ट्यांना ही गोष्ट गिरणीच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. नागपूर आणि उमरेडचे रेशीमकाठी धोतर ज्या मागावर विणले जाई, तो खड्ड्याचा माग होता. विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसे, आणि ताणा जमिनीलगत राही. भुईची ओल, मातीच्या भिंती आणि अंधारी खोली मिळून धाग्याभोवती दमट हवेचा थर धरून ठेवत. विणकर आणि धागा एकाच हवेत राहत. ती हवा धाग्याला मानवणारी असे. विणकराचे डोळे आणि सांधे यांचा हिशेब वेगळा.

१८/
एम्प्रेस मिलने हाच प्रश्न यंत्राने सोडवला. हिंदुस्थानातील पहिली आर्द्रीकरण यंत्रे आणि आग विझवणारे पहिले स्वयंचलित फवारे या गिरणीत बसले, अशी नोंद टाटा समूहाचा इतिहास करतो. कामगारांसाठी १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५मध्ये अपघाताची भरपाई या गोष्टीही येथे कायद्याची वाट न पाहता सुरू झाल्या. उन्हाळ्यात गावाकडे निघून जाणाऱ्या, वारंवार गैरहजर राहणाऱ्या कामगाराला गिरणीत टिकवणे हा त्यामागचा रोकडा व्यवहारही होता. हवेशीर विभाग हा त्याच व्यवहाराचा भाग.

१९/
पण येथे एक पेच आहे. थंड पाण्याचे तुषार उडवले तर ओल वाढते आणि पाराही उतरतो. कोरड्या नागपुरात त्याने सुताचे आणि माणसाचे दोघांचेही भले होते. वाफ सोडली तर ओल वाढते आणि उष्णताही. मग घाम वाळत नाही, आणि शरीराचा शेवटचा मार्ग बंद होतो. लँकेशरच्या विणकरांनी या ‘वाफवण्या’विरुद्ध आवाज उठवला, आणि १८८९च्या कायद्याने तेथील विणाईच्या शेडमधील आर्द्रतेला मर्यादा घातली. हिंदुस्थानात १८८१चा पहिला कारखाना कायदा मुलांच्या कामाबद्दल आणि यंत्रांच्या कुंपणाबद्दल बोलत होता. हवेबद्दल त्यात फारसे काही नव्हते.

२०/
हा पेच फक्त नागपूरचा नव्हता. आज घरोघरी बोलला जाणारा ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६मध्ये वापरात आणला, तोही कापड गिरण्यांतील हवा सुताला योग्य करण्याच्या संदर्भात. त्याआधी १९०२मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली होती, कारण दमट हवेत कागद फुगून रंगांची जुळणी बिघडत असे. वातानुकूलनाचे पहिले लाभार्थी असे कागद आणि सूत होते. माणसाचा नंबर नंतर लागला.

२१/
माणसाला काय वाटते हे मोजायचे कसे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुढे आला. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ लिओनार्ड हिल यांनी ‘काटा’ तापमापक तयार केला. तो आधी गरम करायचा आणि मग ठरावीक अंश उतरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. त्यावरून हवेची गार करण्याची शक्ती कळे. १९२३मध्ये कापड गिरण्यांतील आर्द्रीकरणावर टी. मॅलोनी यांचा अहवाल भारत सरकारने प्रसिद्ध केला. गिरणीतील हवा मालकाच्या खात्यातून सरकारच्या कागदावर आली, ती अशी.

२२/
स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाना अधिनियमाने हे सूत्रबद्ध केले. कलम १३ने ताज्या हवेचा पुरेसा खेळ आणि कामगाराला वाजवी आराम देणारे तापमान राखण्यास सांगितले. कलम १५ कृत्रिम आर्द्रतेविषयी होते. कलम १६नुसार नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा आवश्यक होती. २५०हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देणे कलम १८ने बंधनकारक केले. अनेक राज्यांच्या नियमांत कामाच्या खोलीत ओला पारा ३० अंशांवर जाऊ नये अशी मर्यादाही आली. सुताची हवा मोजणारे उपकरण अखेर माणसाच्या बाजूने साक्ष देऊ लागले.

२३/
कचेरीतील कारकून या कलमांच्या बाहेर होता. त्याच्या वाट्याला विजेचा पंखा आला. १८८२मध्ये अमेरिकेत टेबलपंखा आणि त्या दशकाच्या अखेरीस छताचा पंखा तयार झाला होता. हिंदुस्थानातील कचेऱ्यांत तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू पोहोचला आणि पंखेवाल्याची नोकरी संपली. एक अपमानास्पद काम गेले, आणि त्यावर पोट भरणारी माणसेही निमूट दुसरीकडे गेली. दोरीची जागा बटणाने घेतली. पण पंखा कोणाच्या डोक्यावर टांगायचा, हा जुना वाद तसाच राहिला.

२४/
शिवाय पंख्याची एक मर्यादा नागपूरला चांगलीच ठाऊक आहे. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. हवा ३५ अंशांखाली असेल तर त्याचा वारा सुखावतो. ती ४३ अंशांची असेल तर तोच वारा भट्टीच्या तोंडासारखा लागतो. घाम भराभर वाळतो, पण तितकेच पाणीही अंगातून जाते. म्हणून येथे पंख्याला पाण्याची जोड अपरिहार्य होती, आणि वाळ्याची ताटी पुन्हा परतली, या वेळी पत्र्याच्या पेटीत.

२५/
अमेरिकेच्या ॲरिझोना या वाळवंटी राज्यात १९३०च्या दशकात लाकडाच्या भुशासारख्या तंतूंच्या ओल्या गाद्या आणि विजेचा पंखा यांची जोडी लोकप्रिय झाली. भारतात तिलाच ‘डेझर्ट कूलर’ म्हणतात. नागपुरात पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरांनी ती आपलीशी केली. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, तीन बाजूंना वाळा किंवा वुडवूल, खाली टाकी, आत छोटा पंप. मार्चच्या अखेरीस गाद्या बदलणे हा शहराचा एक वार्षिक विधीच झाला. एक लिटर पाणी बाष्प होताना हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषते. पेटीचे सारे रहस्य एवढेच.

२६/
४३ अंशांच्या कोरड्या हवेवर चांगला कूलर चालवला तर झोत २७ अंशांच्या आसपास मिळतो. जुलैत हवा ३१ अंशांची आणि ८० टक्के ओली झाली की तोच कूलर दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही, उलट खोली चिकट होते. मग तो बंद होतो, आणि टाकीत साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. पाण्याच्या टंचाईत तो शेजाऱ्यांशी वाद लावतो, आणि वायरिंग ढिले असेल तर जीवही घेतो. तरीही मध्यमवर्गीय नागपूरचा उन्हाळा सुसह्य केला तो त्यानेच.

२७/
याच काळात दूर डेन्मार्कमध्ये आरामाचे शास्त्र घडत होते. पोव्हल ओले फँगर यांनी १९७०मध्ये ‘थर्मल कम्फर्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे तेराशे व्यक्तींवरील प्रयोगांतून त्यांनी तापमान, आर्द्रता, वारा, भोवतालच्या भिंतींची उष्णता, कपडे आणि श्रम या सहा घटकांचे समीकरण मांडले. जगभरची वातानुकूलित कार्यालये त्यावर आखली गेली. मात्र ज्यांच्यावर प्रयोग झाले ते बहुतांश डॅनिश आणि अमेरिकी तरुण होते. त्यांचा आराम हाच विदर्भातील कारकुनाचाही आराम मानला गेला.

२८/
त्या समीकरणात एक प्रामाणिक कबुलीही आहे. हवा कितीही अचूक राखली तरी शंभरातील निदान पाच माणसे असमाधानीच राहतात, असे फँगर यांचे गणित सांगते. म्हणजे सर्वांना मानवणारे एकच तापमान अस्तित्वात नाही. पुढे त्यांनीच दुसरी विसंगती दाखवली : कार्यालयात दर माणशी दर सेकंदाला दहा लिटर बाहेरची हवा पुरवली, तर श्वासात जाते जेमतेम ०.१ लिटर. शंभरातील नव्व्याण्णव भाग नाकापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांचा उपाय : थोडी, स्वच्छ, गार हवा थेट प्रत्येकाच्या चेहऱ्यापाशी सोडा आणि तिची कळ त्याच्याच हाती द्या.

२९/
साहेबाच्या मेजावरील झालर येथे लोकशाही वेशात परतते. आणि कळ हातात असण्याला खरोखर किंमत आहे. स्वतः पंखा लावू शकणारा, खिडकी उघडू शकणारा, कपडे सैल करू शकणारा माणूस तितकीच उष्णता अधिक सहज सोसतो, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले. वकिलांच्या काळ्या कोटाला उन्हाळ्यात कनिष्ठ न्यायालयांत सवलत मिळते, ती याच तत्त्वावर. एक गुंडी उघडण्याची मुभा कधीकधी दोन अंशांइतकी मोलाची ठरते.

३०/
भारताने आपला आकडा उशिरा शोधला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतून १९८६मध्ये उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक मांडला गेला. नंतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतील १६ कार्यालय इमारतींत सहा हजारांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि २०१४मध्ये भारतीय अनुकूलन प्रारूप सिद्ध केले. ते २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले. त्यानुसार बाहेरचे महिनाभराचे सरासरी तापमान ३५ अंश असेल, तर खेळत्या हवेच्या कार्यालयात सुमारे ३१.७ अंशही सुखकर वाटू शकतात. नागपूरच्या मे महिन्याची सरासरी जवळपास तितकीच असते.

३१/
बाजाराने मात्र उलटी दिशा धरली. काचेच्या दर्शनी भिंती, बंद खिडक्या आणि १८ अंशांवर लावलेला एसी, आणि आत शाल पांघरून बसलेले कर्मचारी. म्हणूनच १ जानेवारी २०२०पासून नव्या खोली-एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम आला. प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. एसी खोलीतील उष्णता नाहीशी करत नाही, ती रस्त्यावर ढकलतो. तेथे पहारेकरी, हातगाडीवाला आणि पार्सल पोहोचवणारा तरुण उभा असतो. जुन्या व्हरांड्यातील पंखेवाल्याची जागा रिकामी राहिलेली नाही.

३२/
अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही तो मार्ग धरला. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांची तयारी, कामाच्या वेळा दुपारपासून दूर हलवणे ही त्याची कलमे. शेवटचे कलम म्हणजे वाड्यांच्या काळातील जुना कायदाच. १८५४नंतर कचेरीच्या घड्याळाने जे काढून घेतले, ते आता आरोग्याच्या नावाने परत मागितले जात आहे. ते मिळते सरकारी खात्यांत आणि मोठ्या कारखान्यांत. रोजंदारीवर काम करणाऱ्याला दुपारची सुटी म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी.

३३/
एम्प्रेस मिल १९८६मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२मध्ये बंद पडली. जेथे सुतासाठी हवा दमट केली जाई, त्या जमिनीच्या एका भागावर आज वातानुकूलित मॉल आहे. ग्राहकासाठी हवा थंड ठेवली जाते. तेथे दहा-बारा तास उभे राहून माल विकणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तीच हवा मिळते. तिचा आकडा ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही.

३४/
दीडशे वर्षांत नागपूरच्या गारव्याने वाळा, झालर, तुषार, पाती, पत्र्याची पेटी आणि काचेआडची थंडी अशी अनेक रूपे घेतली. यंत्रे बदलली, तरी एक हिशेब प्रत्येक वेळी करावा लागतो : गार कोण होतो आणि त्यासाठी तापतो कोण. पुढच्या उन्हाळ्यात कचेरीत कूलरचे तोंड कोणत्या बाजूला वळवायचे यावर वाद झालाच, तर खिडकीबाहेर, कूलरच्या मागे कोण बसले आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.

(धागा समाप्त)